तुती, नाचणी आणि माथेरानची सावली

माथेरानच्या डोंगरावर उन्हाळ्याची सुट्टी घालविण्यास जाणाऱ्या मुंबई-पुण्याच्या कुटुंबांना त्या ठिकाणची खरी संपत्ति कोणती, असें विचारलें तर बहुतेकांच्या तोंडून एकच उत्तर येईल: तेथील सावली. समुद्रसपाटीपासून सुमारें अडीच हजार फूट उंचीवर तांबड्या मातीच्या वाटा, दोहों बाजूंस जांभूळ, हिरडा, अंजनी यांची दाटी, आणि भर वैशाखांतही पायांखालीं थंड राहणारी जमीन, हें दृश्य एकदां पाहिलेला मनुष्य तें सहसा विसरत नाहीं. ही सावली निसर्गाची देणगी आहे असें आपण मानतों. तें खोटें नाहीं; पण तेवढ्यानें सर्व सांगून होत नाहीं. या सावलीला इतिहास आहे, आणि तो बव्हंशीं पिकांचा इतिहास आहे. कोणतें झाड राखावें, कोणत्या झाडाची फांदी कोणीं तोडावी, डोंगराच्या उतारावर कोणीं काय पेरावें, या प्रश्नांचा निकाल एकोणिसाव्या शतकांत लागत गेला, आणि त्या निकालांतून आजचें माथेरान उभें राहिलें.

इतिहास म्हटला म्हणजे राजवंश, लढाया आणि तह आठवावे, हा आपल्या शिक्षणाचा संस्कार आहे. परंतु माणसाच्या ताटांत काय येतें, अंगावर काय येतें, आणि तें कोणाच्या श्रमानें येतें, याचाही एक इतिहास असतो. त्यांत दोन प्रकारच्या वनस्पति भेटतात. कांहीं हुकुमानें लावल्या जातात. कांहीं भुकेच्या पाठोपाठ आपण होऊन चालत येतात. माथेरानच्या सावलीचा उलगडा करावयाचा तर प्रथम हुकुमानें लावलेल्या एका झाडाची हकीकत पाहावी लागते, आणि ती दूर अमेरिकेच्या किनाऱ्यावर सुरू होते. तें झाड म्हणजे तुती.

इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याला तंबाखूचा मनस्वी तिटकारा होता. १६०४ सालीं त्यानें तंबाखूच्या निषेधार्थ एक पुस्तिकाच लिहिली. रेशमाविषयीं मात्र त्याला तितकीच आस्था होती. इटली आणि फ्रान्स या देशांच्या रेशमावर इंग्लंडचा पैसा जातो, तो आपल्याच घरीं कां राहूं नये, असा त्याचा हिशेब होता. १६०९ च्या सुमारास त्यानें लंडनमध्यें तुतीची बाग लावविली. पण लावली काळी तुती. रेशमाच्या किड्याला मानवते ती पांढरी. एवढ्यावर राजाची हौस थांबली नाहीं. १६०७ सालीं व्हर्जिनियांत जेम्सटाउन येथें इंग्रजांची वसाहत झाली होती. तेथील रानांत तांबड्या तुतीचीं झाडें आपोआप वाढत असल्याचें कळतांच या नव्या भूमींत रेशमाची खाण सांपडली अशी समजूत करून घेण्यांत आली.

प्रत्यक्षांत त्या वसाहतीला रेशमाच्या आधीं अन्नाची ददात होती. १६०९-१० चा हिवाळा तेथील इतिहासांत उपासमारीचा काळ म्हणून ओळखला जातो. सुमारें पांचशें वसाहतवाल्यांपैकीं साठांच्या आसपास माणसें वांचलीं. वसाहतीला पुढें तारलें तें तेथील मूळ रहिवाशांच्या मक्यानें. मका कसा लावावा, कसा साठवावा, कसा दळावा, हें सारें ज्ञान त्या लोकांचें होतें. आणि वसाहतीला पैसा मिळवून दिला तो राजाच्या नावडत्या तंबाखूनें. १६१२ च्या सुमारास जॉन रॉल्फ यानें वेस्ट इंडीजकडील तंबाखूचें बीं तेथें लावलें आणि थोड्याच वर्षांत जेम्सटाउनच्या रस्त्यांतही तंबाखू दिसूं लागला.

१६१९ सालीं व्हर्जिनियाची पहिली प्रतिनिधि-सभा भरली. तिनें केलेल्या नियमांत एक नियम तुतीचा होता: प्रत्येक माणसानें सात वर्षेंपर्यंत दरसाल निदान सहा तुतीचीं झाडें लावावीं व जगवावीं. पुढें १६५६ सालीं शंभर एकर जमिनीमागें दहा तुती लावण्याचा कायदा झाला. कायदे झाले, दंड ठरले, बक्षिसें जाहीर झालीं. रेशीम मात्र नांवापुरतेंच निघालें. त्याच १६१९ सालाच्या उन्हाळ्याअखेर आफ्रिकेंतून धरून आणलेल्या वीस-बावीस माणसांना घेऊन एक जहाज व्हर्जिनियाच्या किनाऱ्यास लागलें. तंबाखूला पुढें जे हात लागणार होते त्यांची ती नांदी होती. एका वर्षांत एकाच वसाहतीनें तुतीचा कायदा केला आणि गुलामगिरीचें दार उघडलें. कायद्याचें झाड वाळून गेलें. दुसऱ्या गोष्टीचीं मुळें अडीचशें वर्षें उपटलीं गेलीं नाहींत.

१७३३ सालीं जॉर्जियाची वसाहत स्थापन झाली तेव्हां हाच प्रयोग अधिक उदार हेतूनें पुन्हां झाला. तेथील विश्वस्त मंडळाच्या मुद्रेवर तुतीचें पान आणि रेशमाचा किडा कोरला होता. सॅव्हाना येथें दहा एकरांची सरकारी बाग लावण्यांत आली. गरीब इंग्रजांनीं तेथें जावें, तुती लावावी, आणि गुलामांवांचून स्वतःच्या श्रमानें सुखी व्हावें, ही कल्पना होती. आरंभीं तेथें गुलामगिरीस मनाईही होती. पण १७५० सालीं ती मनाई उठली, आणि किनाऱ्याच्या दलदलींत भाताचे मळे पसरले. तो भात पिकविण्याचें कसब पुष्कळसें पश्चिम आफ्रिकेंतून पकडून आणलेल्या माणसांनीं बरोबर आणलेलें होतें. मुद्रेवर तुती राहिली; कोठारांत भात आला.

असें कां व्हावें, हें समजण्यास रेशमाच्या धंद्याची रीत पाहिली पाहिजे. रेशमाच्या किड्याचीं एक औंस अंडीं उबविलीं तर त्यांतून तीस-चाळीस हजार अळ्या निघतात. चार वेळां कात टाकीत त्या सुमारें महिनाभरांत पूर्ण वाढतात, आणि तेवढ्या अवधींत त्यांस जवळजवळ एक टन पाला लागतो. शेवटच्या आठवड्यांत तर रात्रंदिवस पाला तोडावा, चिरावा, पसरावा आणि घाण काढावी लागते. फार उष्मा झाला तरी अळ्या मरतात, गारठा झाला तरी खंगतात, ओला पाला खाल्ला तरी रोग पडतो. कोश तयार झाल्यावर आंतील पतंग बाहेर पडण्यापूर्वीं तो उष्णतेनें मारावा लागतो, आणि मग गरम पाण्यांत कोश सोडून अनेक कोशांचे अति बारीक तंतू एकत्र ओढीत धागा काढावा लागतो. हें शेवटचें काम हातांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलें असेल तरच साधतें. म्हणजे झाड लावणें हा रेशमाचा सर्वांत सोपा भाग. सरकार झाडाचा हुकूम देऊं शकतें. त्या एका महिन्यांतील घरच्या माणसांचे मोकळे हात, आणि धागा ओढणारीं बोटें, हीं हुकुमानें मिळत नाहींत.

याच्या उलट अमेरिकेंतून कोणाच्याही हुकुमावांचून निघालेल्या वनस्पतींचा प्रवास पाहावा. मिरची, तंबाखू, मका, बटाटा, भुईमूग, पेरू, सीताफळ, काजू हीं सारीं मूळचीं अमेरिका खंडाचीं. पोर्तुगीजांच्या जहाजांतून आणि इतर वाटांनीं तीं सोळाव्या शतकापासून पुढें आपल्या देशांत येत गेलीं. मिरची लावा असा फतवा महाराष्ट्रांत कोणीं काढल्याचें ऐकिवांत नाहीं. तरी आज मिरचीवांचून मराठी घराचें पान वाढलें जात नाहीं, आणि भुईमुगाच्या कुटावांचून उपवास पार पडत नाहीं. कारण साधें आहे. मिरचीचीं चार रोपें परसांत लागतात, सांडपाण्यावर वाढतात, वाळवून वर्षभर पुरतात. घराच्या चालत्या कामांत तीं सहज बसलीं. जें पीक घराच्या वेळापत्रकांत बसलें तें रुजलें.

आतां पुण्याकडे वळूं. १८१८ सालीं पेशवाई संपली आणि दख्खनचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यांत आला. या मुलखांत रेशमाचें विणकाम जुनें होतें. पैठण आणि येवलें येथील विणकरांची कीर्ति सर्वश्रुत आहे. पुण्याच्या पेठांतही रेशमाचे माग चालत. परंतु मागावर चढणारें कच्चें रेशीम बहुतांशीं मुंबई बंदरांतून, मुख्यतः चीनकडून येई. जेम्स राजानें जो हिशेब मांडला होता तोच कंपनीच्या अधिकाऱ्यांनीं मांडला: कापड येथें विणलें जातें, मग सूत बाहेरून कां यावें? दख्खनच्या काळ्या जमिनींत तुती कां लागूं नये?

या कामासाठीं पुढें आला तो एक इटालियन गृहस्थ, सिन्योर जुझेप्पे मुत्ती. १८३० नंतरच्या दशकांत पुण्याच्या परिसरांत सरकारी साहाय्यानें त्यानें तुतीची लागवड केली. १८३८ सालीं दख्खनमधील रेशीम-उत्पादनावर त्याचें मार्गदर्शक पुस्तकही निघालें. मुत्तीचा भर एका मुद्द्यावर होता. बंगालमध्यें तुती झुडपाप्रमाणें दाट लावून वरचेवर छाटीत असत. मुत्तीच्या मतें ती उंच झाड म्हणून वाढवावी, जशी ती त्याच्या मायदेशांत वाढवीत. झाडाचा पाला कसदार, मशागत थोडी, आणि एकदां लावलें कीं पुष्कळ वर्षें पाहावयास नको. कागदावर हें सर्व पटण्यासारखें होतें. योगायोग असा कीं, ज्या सुमारास मुत्तीचें पुस्तक निघालें, त्याच सुमारास अमेरिकेंत 'मल्टिकॉलिस' नांवाच्या तुतीच्या रोपांचा सट्टा पराकोटीस पोंचला होता. लोक शेतीसाठीं नव्हे, तर पुन्हां विकण्यासाठीं रोपें घेत होते. १८३९ सालीं तो बाजार कोसळला आणि हजारों रोपें उपटून जाळलीं गेलीं.

पुण्याचा प्रयोग इतक्या धडाक्यानें कोसळला नाहीं; तो हळूहळू विझला. दख्खनच्या फाल्गुन-चैत्रांतील कोरडा, भाजून काढणारा वारा अळ्यांना मानवत नाहीं. तुतीला उन्हाळ्यांत विहिरीचें पाणी द्यावें लागतें, आणि ज्या कुणब्याच्या विहिरीला पाणी आहे तो त्यावर ऊस किंवा भाजीपाला लावील, वर्षानुवर्षें वाट पाहावयास लावणारें झाड कशाला लावील? कोश झाले तरी धागा ओढणारे कसबी हात जवळ नव्हते. १८५० पूर्वींच सरकारनें या कामांतून आपला हात आंखडता घेतला.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. महाराष्ट्राच्या पूर्व भागांत, भंडारा-चांद्याच्या रानांत, ढिवर समाजाचे लोक ऐन आणि अर्जुन या रानझाडांवर टसर जातीच्या रेशमाचे किडे फार पूर्वींपासून वाढवीत आलेले आहेत. त्यासाठीं तुती लावावी लागत नाहीं. रानच पाला पुरवितें. म्हणजे रेशीम मराठी मुलखाला परकें नव्हतें. परकी होती ती त्याची नवी मांडणी. जें रेशीम रानाच्या जीवनक्रमांत बसलें होतें तें टिकलें. आणि ज्या ऐनाच्या झाडावर पूर्वेकडे रेशीम निपजतें, तेंच ऐनाचें झाड सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, कर्जत-खालापूरच्या बाजूस, अगदीं वेगळ्या कारणासाठीं शेतकऱ्याला प्राणाइतकें मोलाचें होतें. तें कारण पाहण्यापूर्वीं एका माणसाची ओळख करून घेतली पाहिजे, कारण पुण्याच्या बागेंतून माथेरानच्या रानाकडे जाणारी वाट त्याच्या आयुष्यांतून जाते.

डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे स्कॉटिश शस्त्रवैद्य १८३८ सालीं पुण्याजवळील दापोडीच्या सरकारी वनस्पति-बागेचे अधीक्षक झाले. ही बाग म्हणजे परदेशी व देशी वनस्पतींची प्रयोगशाळाच होती. तेथून रोपें आणि बियाणें जिल्ह्याजिल्ह्यांत जात. जुन्नरकडील हिवरें येथील बागेंत औषधी वनस्पति पिकवून त्यांचे अर्क सरकारी दवाखान्यांसाठीं तयार होत. त्या बागेंतील वनस्पतींचीं सुंदर रंगीत चित्रें गिब्सननीं एका हिंदी चित्रकाराकडून काढविलीं. तीं एडिंबरोच्या वनस्पति-उद्यानांत जपून ठेविलेलीं आहेत. चित्रकाराचें नांव मात्र कोणीं लिहून ठेवलें नाहीं. १८४७ सालीं गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. नवीन वनस्पति वसविण्याचें काम करणारा मनुष्य आतां जुनीं झाडें राखण्याच्या कामास लागला.

गिब्सन यांची चिंता खोटी नव्हती. जहाजबांधणीसाठीं सागाची बेसुमार तोड झालेली होती. कोंकणांत डोंगर उघडे पडले कीं झरे आटतात, ओढे गाळानें भरतात, असें त्यांनीं वारंवार लिहिलें. रान आणि पाणी यांचा संबंध सरकारच्या नजरेस आणून देणाऱ्या आरंभींच्या माणसांत त्यांची गणना होते. परंतु रान कोण तोडतो, या प्रश्नाचें उत्तर देतांना या नव्या खात्याची नजर जहाजाच्या गोदीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, डोंगरांतील फिरत्या शेतीवर खिळली. या शेतीला कानडा मुलखांत कुमरी म्हणत. ठाणें-कुलाब्याकडे तिचें नांव दळी.

दळीची रीत अशी. उन्हाळ्यांत उतारावरील झुडपें आणि फांद्या तोडून वाळवावयाच्या, पावसापूर्वीं त्या जागेवरच जाळावयाच्या, आणि राखेंत बीं टाकावयाचें. पहिल्या वर्षीं नाचणी, दुसऱ्या वर्षीं वरई, पुढें हरीक, तीळ किंवा खुरासणी. मग जमीन कांहीं वर्षें पडीत सोडून दुसरीकडे वळावयाचें. जेथें नांगर चालत नाहीं, बैल उभा राहत नाहीं, तेथें माणसाचे हात आणि एक कोयता एवढ्या भांडवलावर हें पीक निघे. नाचणी वर्षानुवर्षें साठविली तरी सहसा किडत नाहीं. म्हणून ती गरिबाची खरी पेढी. ठाकूर आणि कातकरी यांचें आयुष्य या उतारावरील पिकांवर, रानांतील कंदमुळांवर आणि मोलमजुरीवर चालत असे. कातकरी हें नांवच मुळीं खैराच्या झाडापासून काढलेल्या कातावरून पडलेलें आहे. खैराचें लांकूड उकळून कात काढणें हा त्यांचा धंदा. विड्याच्या पानाला रंग आणणारा कात अशा चुलींवर तयार होई.

डोंगराच्या पायथ्याशीं भातशेती. तिचेंही रानाशीं नातें होतें, आणि ऐनाच्या झाडाचें मोल येथें कळतें. कोंकणी शेतकरी भाताचीं रोपें तयार करण्यापूर्वीं वाफ्यावर शेण, पाला, तोडलेल्या डहाळ्या, गवत आणि माती यांचे थर देऊन पावसाळ्याआधीं तें जाळतो. याला राब म्हणतात. राबासाठीं ऐनासारख्या झाडांच्या फांद्या दरवर्षीं छाटाव्या लागत. परक्या अधिकाऱ्याला ही झाडांची विटंबना आणि शेणाची नासाडी वाटे. शेतकऱ्याला ती रोपांची पहिली अट वाटे. पुढें १९१२ सालीं डॉ. हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनीं राबाचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला, आणि जमीन भाजण्यानें रोपांना खरोखरच लाभ होतो हें दाखविलें. अडाणीपणाची खूण म्हणून जिच्याकडे पाहिलें गेलें त्या रीतींत पिढ्यांचें निरीक्षण साठलेलें होतें.

अशा या मुलखांत, १८५० च्या मे महिन्यांत, ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट चौक गांवाहून माथेरानच्या माथ्यावर चढले. त्यांनीं माथेरान शोधून काढलें असें आपण सर्रास म्हणतों. वास्तविक ठाकूर, कातकरी आणि धनगर यांच्या पायवाटा या डोंगरावर पूर्वींपासूनच होत्या. मॅलेट यांनीं शोधलें तें मुंबईकरांचें हवा खाण्याचें ठिकाण. १८५५ सालीं गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन वर आले आणि त्यांनीं आपल्या बंगल्यासाठीं जागा निवडली. वाटा आंखल्या, तळें बांधलें, बंगले उठले. पायथ्याशीं नेरळवरून आगगाडी धांवूं लागली. १९०७ सालीं आदमजी पीरभाई घराण्यानें बांधलेली छोटी आगगाडी नेरळहून वळणें घेत वर पोंचली. या सर्व काळांत माथ्यावरील झाडें काळजीपूर्वक राखलीं गेलीं. तीं राखलीं गेलीं हें चांगलेंच झालें. त्यांवांचून डोंगराच्या ठिसूळ जांभ्या दगडावर ना माती टिकती, ना पाणी.

पण त्याच काळांत खालच्या उतारांवर काय चाललें होतें तेंही या इतिहासांतच धरलें पाहिजे. १८६५ सालीं आणि नंतर अधिक कडकपणें १८७८ सालीं जंगलाचे कायदे झाले. राखीव रानांच्या हद्दी पडल्या. दळीला मर्यादा आल्या. कातासाठीं खैर तोडणें गुन्ह्याच्या सदरांत जाऊं लागलें. राबाच्या फांदीसाठीं परवानगीची गरज पडूं लागली. त्या वेळीं कर्जत ठाणें जिल्ह्यांत मोडत असे, आणि ठाणें जिल्ह्यांतून तक्रारींचा इतका गवगवा झाला कीं, १८८५ सालीं सरकारनें चौकशीसाठीं एक मंडळ नेमलें. १८८७ मधील त्याच्या अहवालांत राबाचा प्रश्न प्रमुख प्रश्नांपैकीं एक होता. पायथ्याच्या शेतकऱ्याला बोलणारे वकील आणि वर्तमानपत्रें मिळालीं. दळीवाल्या ठाकरांना आणि कातकऱ्यांना तसा आवाज नव्हता. त्यांच्या वाट्यास उतारावरचे कांहीं ठराविक तुकडे, आणि तेही सरकारी मेहेरबानीनें, आले. कात काढणारा मनुष्य कोळशाच्या भट्टीवर आणि वीटभट्टीवर मजूर झाला.

येथें न्यायाची एक बाजू नीट मांडली पाहिजे. दळीनें रानाची हानि होतच नव्हती असें म्हणणें सत्याला सोडून होईल. माणसें वाढलीं, पडीत ठेवण्याचीं वर्षें कमी झालीं, तर उतार उघडे पडणारच. परंतु त्याच शतकांत आगगाडीच्या रुळांखालीं घालण्यासाठीं लांकूड गेलें, मुंबईच्या चुलींसाठीं सरपण आणि कोळसा गेला, गोदींसाठीं साग गेला. या मोठ्या कोयत्यांचा हिशेब बाजारांत मांडला गेला; लहान कोयत्याचा हिशेब तेवढा फौजदारी झाला. तुतीसाठीं ज्या सरकारनें जमीन, पैसा आणि उत्तेजन दिलें, त्याच सरकारला नाचणीकडे पीक म्हणून पाहतां आलें नाहीं. ती त्याला रानाची शत्रू दिसली. व्हर्जिनियाच्या सभेनें तुतीचा कायदा केला त्या वेळीं वसाहतीचें पोट मक्यावर चाललें होतें, आणि तो मका लावणाऱ्या लोकांची जमीन हळूहळू जात होती. दोन्ही ठिकाणीं राज्यकर्त्यांच्या नजरेंत मोलाची होती ती बाजारांत जाणारी वनस्पति. पोट भरणारी वनस्पति नजरेआड राहिली, आणि ती पिकविणारा मनुष्यही.

पुढची हकीकत या निष्कर्षाला एक चांगली पुरवणी जोडते. तुती महाराष्ट्रांत अखेर आली. १९९७ सालीं नागपूर येथें राज्याचें रेशीम संचालनालय स्थापन झालें. मराठवाड्यांतील शेतकरी तुतीकडे वळले. २०१८ सालीं जालना येथें कोशांचा बाजार सुरू झाला. ही तुती मुत्तीच्या उंच झाडांची नव्हे, तर दाट लावून छाटलेल्या झुडपांची आहे. विहिरीचें पाणी, घराशेजारीं किड्यांची शेड, निरोगी अंडीं आणि कोश विकण्यास जवळचा बाजार, एवढ्या गोष्टी जुळल्यावर तेंच झाड त्याच दख्खनमध्यें रुजलें. जमीन पूर्वीं नालायक नव्हती आणि शेतकरी आळशी नव्हता. पीक घराच्या हिशेबांत बसत नव्हतें, तें बसूं लागलें.

माथेरानला २००३ सालीं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून कायद्याचें संरक्षण मिळालें. शेंकरूसारखा प्राणी त्या झाडींत आहे. त्यानंतर तीनच वर्षांनीं, २००६ सालीं, वनहक्कांचा कायदा झाला. पिढ्यान्‌पिढ्या रानांत कसणाऱ्यांचा हक्क त्यानें मान्य केला, आणि रायगड जिल्ह्यांतील दळी जमिनींचे जुने प्रश्न पुन्हां दाव्यांच्या रूपानें सरकारदरबारीं आले. एक कायदा सावलीचा, दुसरा नाचणीचा. हे दोन कायदे परस्परांचे वैरी आहेत असें मानण्याचें कारण नाहीं. उतारावर कोणतें झाड कोठें राहिलें तर खालचा झरा वाहता राहतो, हें ज्यांच्या आजोबा-पणजोबांनीं पाहिलें त्यांचें ज्ञान रान राखण्याच्या कामीं यावें, आणि रान राखण्याची किंमत एकट्या त्यांच्या पोटानें मोजूं नये, एवढाच त्याचा अर्थ.

२०२३ हें वर्ष जगभर भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें गेलें, आणि शहरांतील सुशिक्षित घरांत नाचणीची प्रतिष्ठा वाढली. वरईची प्रतिष्ठा तर त्या घरांत कधीं गेलीच नव्हती. एकादशीला पानांत पडणारे वऱ्याचे तांदूळ हे मूळचे डोंगरउतारावरचें धान्य आहे, हें मात्र क्वचितच कोणाच्या मनांत येतें. माथेरानच्या वाटेवर झाडांखालून चालतांना आणि उपवासाचें पान वाढतांना आपण एकाच डोंगराचें देणें घेत असतों. एक देणें माथ्यावरचें आहे, दुसरें उतारावरचें. पहिल्याची दखल बंगल्यांच्या आणि आगगाडीच्या इतिहासांत सविस्तर झालेली आहे. दुसऱ्याची नोंद त्याच ठसठशीत अक्षरांत व्हावयाची अद्याप राहिली आहे.